प्लेटोचा आकडा आणि निप्पूरचे पाढे



मागच्या वेळी आपण 'रिपब्लिक'च्या आठव्या पुस्तकाच्या दाराशी थांबलो होतो. आदर्श नगर उभं राहिलेलं आहे, तत्त्वज्ञ राज्य करताहेत, सगळं यथासांग चाललंय. आता प्लेटो स्वतःच प्रश्न काढतो, की असं नगर मोडेल तर कसं मोडेल? शत्रू येईल, दुष्काळ पडेल, असलं उत्तर आपण देऊ. प्लेटोचं उत्तर वेगळंच आहे. तो म्हणतो, राज्यकर्त्यांचा हिशेब चुकेल. माणसाच्या जन्माला एक संख्या लागू आहे, ती ज्यांना उमगली नाही ते अवेळी लग्नं लावतील, अवेळी मुलं होतील, ती मुलं पुढे गादीवर बसतील आणि तिथून घसरण सुरू होईल. नगर कोसळायचं कारण काय, तर एक आकडा!

हा आकडा तो सरळ सांगत नाही. तीन, चार आणि पाच यांची जुळणी करा, ती 'तीनदा वाढवा', मग दोन मेळ निघतील, एक चौरस आणि एक लांबट, असं कोड्यात बोलतो. हे कोडं इतकं बदनाम झालं, की सिसेरोने आपल्या मित्राला, अॅटिकसला लिहिलेल्या पत्रात एखादी गोष्ट 'प्लेटोच्या संख्येहून दुर्बोध' आहे असं म्हटलंय. म्हणजे तेव्हाच ती म्हण झाली होती.

केंब्रिजचे जेम्स अॅडम यांनी १९०२ साली 'रिपब्लिक'ची आपली सटीप आवृत्ती काढली. त्यात त्यांनी हे कोडं असं सोडवलं: तीन गुणिले चार गुणिले पाच, म्हणजे साठ. साठाचा चौथा घात, म्हणजे १,२९,६०,०००. चौरस मेळ म्हणजे ३६०० गुणिले ३६००. लांबट मेळ म्हणजे ४८०० गुणिले २७००. दोन्हींचं उत्तर एकच येतं, घरी जाऊन करून बघा. सगळ्यांना हे उत्तर मान्य नाही; २१६ ही संख्याही त्या उताऱ्यात आहे असं म्हणणारे आहेत. पण मला आज कोडं सोडवायचं नाहीये. हे उत्तर निघाल्यावर पुढे काय झालं, ते सांगायचं आहे.

त्याआधी एक छोटी पायरी. इथे माझ्या वयाची मंडळी बरीच दिसताहेत, त्यांना पै-आणे आठवत असतील. बारा पैंचा एक आणा, सोळा आण्यांचा एक रुपया. नवे पैसे आले १९५७ मध्ये, त्याआधी किराणा दुकानदार तीन घरांत हिशेब मांडायचा आणि घर भरलं की हातचा पुढच्या घरात द्यायचा. आपल्या नेहमीच्या दशमान लेखनात प्रत्येक घर दहाला भरतं. आता कल्पना करा, की प्रत्येक घर साठाला भरतं. आपल्या पंचांगात हे आहेच की: साठ विपळांचं एक पळ, साठ पळांची एक घटका, साठ घटकांचं अहोरात्र. बाबिलोनी लेखनिक नुसत्या संख्याही अशाच लिहीत. चौसष्ट लिहायचे तर पहिल्या घरात एक आणि दुसऱ्या घरात चार. युरोपीय अभ्यासकांना हे कळलं ते सेनकेरा इथे १८५४ साली सापडलेल्या एका मातीच्या पाटीवरून. त्या पाटीवर वर्ग दिलेले होते. सातापर्यंत सगळं सुरळीत, साताचा वर्ग एकोणपन्नास. आठाच्या पुढे मात्र 'एक, चार'. हा 'एक' म्हणजे साठ, हे हेन्री रॉलिन्सनच्या लक्षात आलं. हा रॉलिन्सन मुळात कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी, इथूनच इराणात गेला. असो.

तर साठाच्या पायावर प्लेटोचा आकडा कसा दिसेल? एक, आणि त्यापुढे चार रिकामी घरं. आपल्याला १०,००० दिसतो ना, अगदी तसा. आपल्या लेखनात १,२९,६०,००० ही संख्या काहीशी ओबडधोबड वाटते. तिथे ती गोल गरगरीत आहे.

आता १९०६ साल. हर्मन हिल्प्रेख्ट हे पेनसिल्वेनिया विद्यापीठाचे असिरियाविद्येचे प्राध्यापक. निप्पूरच्या उत्खननातल्या गणिताच्या पाट्या त्यांनी प्रसिद्ध केल्या. त्यांत भागाकाराची कोष्टकं होती, आणि हिल्प्रेख्टनी जाहीर केलं, की या सगळ्या कोष्टकांच्या मुळाशी एकच संख्या आहे: १,२९,६०,०००! तिचे दोन तृतीयांश ८६,४०,०००, तिचा निम्मा ६४,८०,०००, अशा ओळी त्यांनी लावल्या. अॅडमचं उत्तर चार वर्षांपूर्वी आलेलं होतंच. दोन्ही टोकं जुळली. प्लेटोची गूढ संख्या बाबिलोनच्या देवळातल्या ग्रंथालयात, त्याच्याही हजारभर वर्षं आधी! ३६० दिवसांचं वर्ष धरलं तर १,२९,६०,००० दिवस म्हणजे बरोबर ३६,००० वर्षं. विश्वाचं महावर्षच ते. ग्रीक तत्त्वज्ञानाचं मूळ पूर्वेला आहे, याचा आणखी काय पुरावा हवा?

मंडळी, हे मी वर्गात शिकवलं आहे. एकदा नाही, पंधरा-सोळा वर्षं. मला ही गोष्ट सांगायला फार आवडायची. ग्रीक म्हणजेच आरंभ, असं आम्हाला शिकवलं गेलं होतं. त्या गर्वावर ही छान टाच होती, आणि मुलंही खूश व्हायची. मग एका वर्षी गणितातून तत्त्वज्ञानाकडे आलेली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. तिने विचारलं, "सर, त्या पाटीवर १,२९,६०,००० लिहिलंय कसं?" मी म्हटलं, "एक. पुढची घरं रिकामी." ती म्हणाली, "आणि नुसता एक लिहायचा असेल तर?"

मी घरी गेलो आणि त्या रात्री जेवण नीट गेलं नाही.

कारण उत्तर मला ठाऊक होतं, फक्त मी ते या गोष्टीच्या शेजारी कधी ठेवलं नव्हतं. त्या काळच्या बाबिलोनी लेखनात शून्याला चिन्ह नाही. पूर्णांक कुठे संपला आणि अपूर्णांक कुठे सुरू झाला, हे दाखवणारा टिंबही नाही. उभी खूण एक म्हणजे एक, किंवा साठ, किंवा ३६००, किंवा एकाचा साठावा भाग. कुठला, ते वाचणाऱ्याने संदर्भावरून समजायचं. हे विचित्र वाटतं का? पुण्यात फ्लॅट विचारायला जा. "कितीला?" "पंच्याऐंशीला." लाख हा शब्द कोणी उच्चारत नाही आणि कोणाचा गैरसमज होत नाही. आपला 'सव्वा' बघा: एकटा असला तर एक आणि पाव, 'सव्वाशे' म्हटलं की एकशे पंचवीस. आकार तोच, वजन संदर्भाने येतं.

मग ती कोष्टकं कसली होती? ती व्यस्तांची कोष्टकं होती, एकाला अमुक संख्येने भागलं तर काय येतं ते सांगणारी. दोनापुढे तीस, तीनापुढे वीस, चारापुढे पंधरा, पाचापुढे बारा. साठात किती वेळा जातं, एवढंच. आठापुढे 'सात, तीस', म्हणजे साडेसात. नवापुढे 'सहा, चाळीस'. असं करत नेहमीचं कोष्टक एक्याऐंशीवर संपतं, आणि एक्याऐंशीपुढे असतं 'चव्वेचाळीस, सव्वीस, चाळीस'. बाबिलोनी लेखनिक भागाकार असाच करायचा: नवाने भागायचं असेल तर कोष्टकातून नवाचा व्यस्त घ्यायचा आणि त्याने गुणायचं. कालवा खणायला किती माणसं, त्यांना किती धान्य, अशी उदाहरणं पाट्यांवर आहेत. तिथे मापं स्पष्ट असल्यामुळे त्या एकाचं वजन कळतं. ऑटो नॉयगेबाउअर आणि फ्रान्समधले थ्युरो-दांजाँ यांनी १९३० च्या दशकात हे सगळं साहित्य नीट लावून दाखवलं. निप्पूरच्या त्या पाट्यांतल्या पुष्कळशा पाठशाळेतल्या पोरांच्या निघाल्या. देवळातलं गुप्त ज्ञान वगैरे काही नाही. आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी घोकून घेत, तसलाच हा प्रकार. औटकीच्या पाटीवरून उद्या कोणी विश्वोत्पत्तीचा सिद्धान्त काढला तर?

पण हिल्प्रेख्टना हसण्याआधी एक गोष्ट बघा. यातच सगळी गंमत आहे. त्यांचं वाचन अंकगणिताने खोडून काढता येत नाही. एक्याऐंशीची ओळ घ्या. १,२९,६०,००० भागिले ८१ बरोबर १,६०,०००. हा आकडा साठाच्या घरांत मांडा: चव्वेचाळीस, सव्वीस, चाळीस. पाटीवर अगदी हेच आहे. सत्तावीस घ्या: भागाकार ४,८०,०००, पाटीवर 'दोन, तेरा, वीस'. बरोबर. त्या कोष्टकात सातची ओळ नसते, आणि सातने १,२९,६०,००० ला पूर्ण भागही जात नाही! प्रत्येक ओळ त्यांच्या बाजूने साक्ष देते. देणारच, कारण त्या लेखनात एक आणि साठाचा चौथा घात यांची अक्षरं एकच आहेत. जे 'एक'बद्दल खरं दिसेल ते याही संख्येबद्दल खरं दिसणार. आणि मग साठाच्या तिसऱ्या घाताबद्दलही, सातव्याबद्दलही. हिल्प्रेख्टनी चौथाच का निवडला? पाटीमुळे नाही. अॅडमच्या पुस्तकामुळे.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे एक जुना प्रश्न दिसतो. संख्येचे गुण कुठले आणि तिच्या लेखनाचे कुठले? प्लेटोचंच दुसरं उदाहरण घेऊ. 'लॉज'मध्ये, म्हणजे म्हातारपणी लिहिलेल्या ग्रंथात, तो नव्या नगरासाठी कुटुंबांची संख्या ठरवतो: ५०४०. का? तर तिला, ती स्वतः सोडून, एकोणसाठ विभाजक आहेत आणि एकपासून दहापर्यंत सगळ्यांनी भाग जातो. जमीन वाटायची, फौज उभी करायची, कर बसवायचा, तर कशीही वाटणी करा, तुकडा उरत नाही. साठाच्या पायावर ही संख्या 'एक, चोवीस' आणि एक रिकामं घर अशी दिसते. दहाच्या पायावर ५०४०. लेखन बदललं, विभाजक तेच राहिले. हा गुण संख्येचा. पण 'गोल असणं', पुढे शून्यं असणं, हा संख्येचा एकटीचा गुण नाही. तो संख्या आणि पाया यांच्यातला संबंध आहे. एखादा माणूस उंच आहे हे त्याच्याबद्दल सांगता येतं. तो 'पहिल्या बाकावरचा' आहे, हे वर्ग कुठला ते सांगितल्याशिवाय नाही. अपूर्णांक संपतो की चालत राहतो, हेही तसंच. एक भागिले तीन आपल्याकडे तीन-तीन-तीन करत कधी संपतच नाही, त्यांच्याकडे ते वीस आहे, विषय संपला.

आणि प्लेटोला साठाच्या पायाची गरज होती का? मुळीच नाही. तो ग्रीक पद्धतीने दहा-दहानेच मोजत होता. ग्रीकांचं मोठं एकक म्हणजे दहा हजार, मिरियड. त्याच्या लेखी ही संख्या १२९६ मिरियड, म्हणजे सहाचा चौथा घात, तेवढी मिरियड. साठ त्याला बाबिलोनहून आणावे लागले नाहीत. तीन-चार-पाचचा काटकोन त्रिकोण त्याच्या अंगणात होता, गुणाकार केला की साठ.

मग बाबिलोनकडून ग्रीकांनी काहीच घेतलं नाही? घेतलं, आणि ते सिद्धही झालं, तेही हिल्प्रेख्टच्या सहा वर्षं आधी. याबद्दल फारसं कोणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. कुगलर नावाचे एक जेझुइट पाद्री होते. बाबिलोनी चंद्रगणिताच्या पाट्यांवरचं त्यांचं पुस्तक १९०० साली आलं. टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट'मध्ये चांद्रमासाची सरासरी लांबी दिली आहे आणि ती हिप्पार्कसच्या नावावर आहे: एकोणतीस दिवस, आणि मग साठाच्या घरांत ३१, ५०, ८, २०. कुगलरना बाबिलोनी पाट्यांत चांद्रमास सापडला तो असा: २९, ३१, ५०, ८, २०. पाचही घरं तीच.

या दोन पुराव्यांत काय फरक आहे? १,२९,६०,००० साठाच्या पायावर गोल आहे, म्हणून ती कोणालाही, कुठेही, स्वतंत्रपणे सुचू शकते. ३१, ५०, ८, २० हे कोणाला सहज सुचेल? वाकडा आकडा आहे हा. बाजारात दोन दुकानदारांनी एकाच वस्तूची किंमत शंभर सांगितली तर आपण कान टवकारत नाही. दोघांनीही ९७ रुपये ३५ पैसे म्हटलं तर मात्र आतून काहीतरी ठरलंय, असं आपण म्हणतो.

आता आपल्या घराकडे वळतो, कारण मला माहीत आहे, मागच्या रांगेतल्या कोणीतरी एव्हाना गुणाकार केलेला असणार. महायुग ४३,२०,००० वर्षांचं. त्याची तिप्पट किती? १,२९,६०,०००! त्रेतायुग १२,९६,००० वर्षांचं, त्याची दसपट तीच. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात संधी-संध्यांशासकट कृतयुग ४८०० वर्षांचं आणि त्रेता ३६०० वर्षांचं सांगितलंय. आणि अॅडमच्या उत्तरात ४८०० आणि ३६०० दोन्ही आहेत. असे कागद घेऊन व्याख्यानानंतर लोक मला भेटतात, डोळे चमकत असतात. मी कोणत्या तोंडाने हसू? पंधरा वर्षं मीच तो कागद घेऊन उभा होतो.

तर बघूया. कलियुग ४,३२,००० वर्षं. साठाच्या पायावर दोन आणि पुढे तीन रिकामी घरं. द्वापर चार, त्रेता सहा, कृत आठ, प्रत्येकापुढे तीन रिकामी घरं. आणि बेरोसस नावाचा बाबिलोनचा पुजारी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिताना, जलप्रलयाआधीच्या दहा राजांचा एकूण काळ १२० सारोस देतो. एक सारोस ३६०० वर्षांचा. गुणाकार ४,३२,०००. आपल्या कलियुगाएवढा, वर्षालाही फरक नाही. दहाच्या पायावर पाहिलं की अंगावर काटा येतो: चार-तीन-दोन, एवढा नेमका आकडा दोन्हीकडे! पण साठाच्या पायावर पाहा. दहा लाखांच्या आत 'एक अंक आणि तीन रिकामी घरं' अशा संख्या आहेतच किती? २,१६,०००, मग ४,३२,०००, ६,४८,०००, ८,६४,०००. चार. चारांतली एक दोघांनी उचलली, एवढंच झालं. आश्चर्य उरतं, पण पातळ होतं.

शिवाय आपल्याकडे या आकड्याची घरगुती वंशावळ आहे. मनुस्मृतीत कलीचा वाटा बाराशे वर्षांचा. पुराणं आणि सिद्धान्तग्रंथ ही वर्षं देवांची धरतात आणि देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचं एक वर्ष, म्हणून ३६० ने गुणतात. बाराशे गुणिले ३६०, आले ४,३२,०००. यात बाबिलोन कुठेच लागत नाही, जसं प्लेटोला लागलं नाही. अहोरात्राच्या साठ नाडिका वेदांगज्योतिषातही आहेत. साठ इकडे कसे आले, स्वतंत्रपणे की पश्चिमेकडून, यावर विद्वानांचा वाद आहे आणि तो चालू द्यावा. माझं म्हणणं इतकंच, की ४,३२,००० हा आकडा त्या वादात साक्षीदार म्हणून कच्चा आहे. 'हे लोक साठांत मोजत होते' एवढं तो सांगतो. 'यांनी त्यांच्याकडून घेतलं' हे त्याच्या तोंडून वदवता येत नाही. आणि 'त्यांनी आपल्याकडून घेतलं' हेही नाही, बरं का. हे दुसरं वाक्य ऐकलं की सभागृहात टाळ्या पडतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

वेळ होत आली. एकच उदाहरण सांगतो आणि थांबतो. आर्यभट 'आर्यभटीया'च्या कालक्रिया विभागात आपलं वय सांगतो. तो म्हणतो, तीन युगपाद संपले आणि त्यापुढे साठ गुणिले साठ वर्षं गेली, तेव्हा माझ्या जन्माला तेवीस वर्षं झाली होती. साठ गुणिले साठ, ३६००, साठाच्या पायावर एक आणि दोन रिकामी घरं. कलीचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२, तेव्हा ही वेळ इसवी सन ४९९. तसा हा माणूस दशमान स्थानांची नावं ओळीने सांगणारा, प्रत्येक स्थान आधीच्याच्या दसपट असतं असं बजावणारा! पण काळाचं वळण डोळ्यांत भरलं ते साठाच्या पायावर. त्याच श्लोकात दुसरा आकडा आहे, तेवीस. तो ना साठात गोल, ना दहात. त्याच्या जन्माचं वर्ष ४७६ हे आपण काढतो ते ३६०० मधून हा तेवीस वजा करूनच.

प्रश्न असतील तर घेऊ. आणि सातचा व्यस्त साठाच्या पायावर किती, हे कोणी करून आणलं असेल तर आधी त्यांना बोलू द्या.